चिपाडात अडकलेला गुलाबी रंग

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मी कोल्हापुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या अंगात रसायनशास्त्र शिरलं होतं. झाडताना, जेवताना माझी तीच बडबड. आईचे कान किटले होते.

रंगपंचमीदिवशी पोरांची रंग खेळून पांगापांग झाली आणि आबा म्हणाले, "दुपारी मध्यस्थ येणार हाय. स्थळ चांगलं हाय. मी व्हय म्हणणार."

"आणि माझं कॉलेज?"

"दोन वर्षं शिकतीस. काय शिकलीस ते डोळ्यांला दिसू दे की!"

अंगणात घंगाळभर गुलाबी रंग उरला होता. मी ताडकन म्हटलं, "हे पाणी नितळ करून दाखवते!" म्हटलं खरं, पण स्वतः कधी केलं नव्हतं. लाकडाच्या भुशानं पाण्यातला रंग ओढून घेतलेला मी वर्गात एकदाच पाहिला होता, तेवढ्यावर ही फुशारकी!

भुसा कुठून आणू? पण घरामागंच आमचं गुऱ्हाळ, तिथं रस काढलेल्या उसाच्या चिपाडांचा हा ढीग. तीच कुटली, बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात ठासली आणि वरून रंग ओतला.

खाली ठेवलेल्या वाटीत थेंब पडू लागले. गुलाबी नव्हते! मी आनंदानं वेडीपिशी झाले, रंगल्या हातांनी आईला मिठी मारली, तिचं लुगडं पार बरबटलं. आबांनी वाटी उचलली आणि जन्मभर गूळ केलेला माणूस करणार तेच केलं. बोट बुडवून जिभेला लावलं.

"अहो, रंगाचं पाणी ते!" आई किंचाळली.

"गोड हाय की!" आबा म्हणाले.

चिपाडं धुवायची राहिली होती. त्यांतला उरलासुरला रस उतरून पाणी पिवळट झालं होतं. "गुळाच्या काहिलीत ओतू का? ढेप तरी पडंल!" आबा पोट धरून हसले. मलाही हसू आवरेना, आणि रडूही.

मग नवी चिपाडं कुटली, कढत पाण्यात चार वेळा धुतली, पिळून मडक्यात भरली. तोवर मध्यस्थ ओसरीवर येऊन टेकलेसुद्धा. मी पुन्हा रंग ओतला. या खेपेला पाणी विहिरीतल्यासारखं नितळ आलं.

आबांनी वाटी उन्हात धरून पाहिली. मग मडक्यातलं एक चिपाड काढून मोडलं. आतपर्यंत गुलाबी.

"समदा रंग ह्यात बसला व्हय?"

"व्हय, आबा."

ते चिपाड हातात घेऊनच ते ओसरीवर गेले. मी दाराआड कान देऊन उभी.

"पावणं, च्या घ्या," आबांचा आवाज आला. "लांबनं आलासा. पर पोरीला सवड न्हाय. ती कामात हाय."