कोऱ्या कापडातून गाळलेला स्पंज

मुलीने समुद्रातला जिवंत स्पंज घरी आणला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की हा कॉलेजात का ठेवला नाही. तिथली हवेची मोटर वरचेवर बंद पडते आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असतं, असं ती म्हणाली. एमएस्सीचं शेवटचं वर्ष. प्रकल्प पुढच्या आठवड्यात सादर करायचा होता. हा तुकडा अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला उरणकडच्या खडकांवरून मिळालेला. तेवढं पाणी पुन्हा हटायचं ते पौर्णिमेलाच, आणि तोवर तारीख उलटून जाणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच तुकड्यात.

जेवणाच्या टेबलावर काचेच्या भांड्यात समुद्राचं पाणी, त्यात केशरी रंगाचा, ओबडधोबड, मुठीएवढा गोळा. मला तो प्राणी वाटेना. याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं. आतल्या पेशी शेपटीसारखे धागे हलवत राहतात, पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं, अन्नाचे कण अडकतात आणि पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर पडतं. किती पाणी, असं मी विचारलं. जातीवर अवलंबून आहे, ती म्हणाली. मला असली उत्तरं आवडत नाहीत. जाती तरी किती? नोंदलेल्या नऊ हजारांच्या आसपास, न नोंदलेल्या कोण जाणे. काहींचा सांगाडा चुन्याच्या काट्यांचा, काहींचा काचेसारख्या वाळूच्या द्रव्याचा, काहींचा नुसता मऊ धाग्यांचा. चुन्याच्या काट्यांच्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून तिच्या मॅडमनी ही जात आधी तपासून घेतली होती. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

प्रयोग सांगायला सोपा होता. स्पंजाचा तुकडा तलम कापडातून पिळायचा. पेशी सुट्या होऊन पाण्यात उतरतात आणि मग आपापल्या सरकत पुन्हा एकमेकींना चिकटतात. दुसऱ्या काही जातींवर हे पूर्वी झालेलं आहे, आपल्या किनाऱ्यावरची ही जात तसं करते का, एवढंच तिला बघायचं होतं. तिने अर्धा तुकडा कापून वेगळा केला आणि आईकडे कापड मागितलं.

आमच्याकडे चक्का बांधायचं एक जुनं मलमल आहे. बायकोने ते दिलं नाही. मुलीच्या वर्षभराच्या कामाला वापरलेलं फडकं कसं द्यायचं, म्हणून तिने देवघराच्या कपाटातून नवीन मलमलीचा तागा काढला आणि हातभर फाडून दिलं. पूजेला, कलशाला, ओटीला आमच्यात कोरंच लागतं. पाण्यात न भिजलेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दुपारपर्यंत पाणी गढूळ झालं. कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मुलगी बसून होती. पेशी कशात तरी रुतल्यासारख्या दिसत होत्या, सरकत नव्हत्या. संध्याकाळी भांड्याला वास आला. समोरच्या प्लॉटवर नव्या इमारतीच्या पायाचं पायलिंग चालू होतं, प्रत्येक ठोक्याला टेबल थरथरायचं, आणि मी त्यालाच दोष देत बाल्कनीत जाऊन-येऊन करत होतो. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या फेऱ्यांनीच जास्त हलतंय."

मुलीला वाटत होतं, आपण जोरात पिळलं. पाण्याचा खारेपणा तिने दोनदा मोजला, तो बरोबर होता. मग मीही जे तपासता येईल ते तपासू लागलो. कापडाचा उरलेला तुकडा हातात घेतला तर तो कागदासारखा कडक. कपाटातल्या आयोडिनचा थेंब त्यावर टाकला. डाग निळा-काळा झाला, शाळेत बटाट्यावर व्हायचा तसा.

"आई, याला खळ आहे," मुलगी म्हणाली.

"खळ असणारच. कोरं आहे ना," बायको म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, तीच खळ पाण्यात उतरून पेशींना चिकटली होती.

मुलगी चिडली नाही. धुऊन घ्यायचं मला सुचायला हवं होतं, म्हणाली. पण उरलेल्या अर्ध्या तुकड्याला ती हात लावेना. तोही गेला तर दाखवायला काहीच नाही. ठेवला तर भांड्यात तो रोज थोडा थोडा फिकटच होणार. मी दोन्ही बाजूंची शक्यता मांडून पाहिली. आकडे नसले की माझं डोकं चालत नाही.

सकाळी बायकोने चक्क्याचं मलमल नुसत्या पाण्यात उकळून टेबलावर आणून ठेवलं. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. "हे शंभरदा धुतलंय," एवढंच बोलली आणि स्वतः एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. मुलीने पाण्याखालीच, या वेळी हलक्या हाताने, पिळलं. केशरी धूर उतरावा तसं पाणी रंगलं.

मग वाट पाहणं. या प्राण्यांचे पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून आधीचे. प्राण्यांच्या वंशावळीत पहिली फांदी स्पंजांची की कंगवा-जेली नावाच्या पारदर्शक समुद्री प्राण्यांची, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, असं मुलीने मला सांगितलं. बहुधा मला एका जागी बसवण्यासाठी. मी बसलो नाही. दर थोड्या वेळाने तिच्या खांद्यावरून वाकून विचारायचो. शेवटी तिने सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला.

पेशी सरकत होत्या. अगदी मंद, पण सरकत होत्या. दोन-चार एकत्र, मग त्यांना आणखी काही. दुपारनंतर भांड्याच्या तळाला राईएवढे गोळे दिसू लागले, नुसत्या डोळ्यांनी. मुलगी फोटो काढत सुटली. याचा पुरा स्पंज होईल का, छिद्रं फुटतील का, हे तिला आठवडाभरात सांगता येणार नव्हतं. पण तिचा प्रश्न पेशी एकत्र येतात का एवढाच होता.

बायकोने डोळा लावला, बराच वेळ काढला नाही.

"यात आधी आतली कुठली, बाहेरची कुठली?"

"ते आता त्या पुन्हा ठरवतील," मुलगी म्हणाली. स्पंजाची पेशी एकच काम धरून बसत नाही, गरज पडली तर काम बदलते, असं तिने सांगितलं.

बायको उठली तशी मी बसलो. एक छोटा गोळा मोठ्यापासून केसभर लांब होता. पायलिंगचे ठोके पडतच होते. मुलीने मॅडमना फोन लावला होता, आतून तिचा हसण्याचा आवाज येत होता. तो गोळा जवळ येतो की नाही, ते बघत मी तिथेच बसलो.