राजाच्या परवान्याचा आचारी

जोसलँ त्रेहुआरच्या हातचं खाऊन जो जगला त्याला इंग्रजांच्या तोफा काय मारणार, असं फ्रान्समधल्या आमच्या सॅं-मालो बंदरात म्हणत. एकाच जहाजावर तो आचारी आणि मी सुतार. लढाई चालू असेपर्यंत इंग्रजांची व्यापारी जहाजं लुटायला आमच्याकडे राजाच्या शिक्क्याचा परवाना होता, म्हणून आम्ही चाचे नव्हतो. चाच्यांना फाशी होते. आम्हाला लुटीत वाटा मिळे, वर पाद्रीबुवांचा आशीर्वादही.

जोसलँला स्वयंपाक येत नव्हता, आणि येतो असं तो कधी म्हणालाही नाही. मुळात तो शिडांवर चढणारा गडी. एका चकमकीत त्याचा डावा पाय गेला, मी त्याला ओकच्या लाकडाचा करून दिला आणि जहाजाच्या मालकांनी हातात पळी दिली. आमच्याकडे रीतच ती. पाय गेला की चूल, नाहीतर चर्चच्या पायरीवर टोपी पसरून बसायचं. वाटाणे खालून करपलेले आणि वरून कच्चे, ही किमया त्याला रोज साधायची.

शेवटी सगळे कप्तानाकडे गेले. तोफेवरचा बेर्त्रां म्हणाला, "साहेब, आम्ही लढून मरू. पण जेवून मरायचं का?"

कप्तान वैतागला. "बरं. पुढचं जहाज पकडलं की त्यांचा आचारी आणू. बरा निघाला तर तो इथे, जोसलँ किनाऱ्यावर."

जोसलँनं ते ऐकलं. त्या दिवशी तो मीठ घालायला विसरला. रोजच विसरायचा म्हणा, पण त्या दिवशी मला वाईट वाटलं.

आठवड्याभरात एक इंग्रजी जहाज सापडलं आणि न लढताच शरण आलं. त्यांचा कप्तान चांगला गुबगुबीत होता.

"बघा, बघा गाल!" बेर्त्रांच्या तोंडाला पाणी सुटलं. "आचारी सोन्यासारखा असणार!"

मग शिडीवरून ठक ठक आवाज करत त्यांचा आचारी ओबादाया आला. त्याचा उजवा पाय लाकडाचा होता. तो बघून जोसलँ एकटाच गालातल्या गालात हसला. आमच्या मात्र डोक्यात प्रकाश पडेना.

ओबादायानं पीठ आणि चरबीचा गोळा फडक्यात बांधून उकडला. बेर्त्रांनं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "जोसलँदादा, तुमचं कालचं सूप उरलंय का हो?"

गुबगुबीत कप्तान मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "मी ते कधीच खात नाही. माझ्या खोलीत चीज असतं."

"जोसलँ, तुझी जागा तुला," आमच्या कप्तानानं जाहीर केलं. "जा, त्याची पेटी घे."

पकडलेल्या जहाजावर कप्तानाचं सामान कप्तानाला, सुताराचं सुताराला आणि आचाऱ्याचं आचाऱ्याला, असा आमचा हक्कच. जोसलँनं पेटी उघडली. आत नुसते उजव्या पायाचे बूट होते, सगळे कोरे. मोची काही एकच बूट विकत नाही. जोसलँनं एक पायात घालून पाहिला. बरोब्बर बसला. मग तो खाली गेला आणि आपले साठलेले डाव्या पायाचे बूट आणून त्यानं ओबादायासमोर ठेवले. कैद्याकडून घ्यायचं असतं, त्याला द्यायचं नसतं.

जोसलँ तिथेच उभा राहिला.

"आता काय?" कप्तानानं विचारलं.

"साहेब, जहाज आपण घेतलं. आता तिकडे इंग्लंडात याला चूल कोण देणार?"

मी मान खाली घातली. माझे डोळे भरून आले होते.

कप्तानानं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा त्या उकडलेल्या गोळ्याकडे, आणि लांब सुस्कारा सोडला. "चूल मोठी आहे. राहू दे यालाही."

लढाई संपेपर्यंत आम्ही दोघांच्याही हातचं जेवलो.