कॉलरच्या आतला ठिपका

मेसेज मंगळवारी आला. धानाचं बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत मी काम करतो, पवनी तालुका माझ्याकडे आहे. काम म्हणजे बांधाबांधाने हिंडायचं आणि बियाणं उगवलं नाही की शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. रविवारी नागपूरच्या एका हॉटेलात वर्षाची बैठक होती, दुपारच्या जेवणासकट. तिथे मला पाच मिनिटं बोलायचं होतं. मेसेजच्या शेवटी एक ओळ होती, ‘ड्रेस कोड – स्मार्ट कॅज्युअल’.

ती ओळ मी तीनदा वाचली. स्मार्ट कळत होतं, कॅज्युअलही कळत होतं, पण दोन्ही एकाच अंगावर कसं चढवायचं ते कळेना. भंडाऱ्याच्या सहकाऱ्याला फोन लावला. अशा बाबतीत तो स्वतःला मोठा जाणकार समजतो. साहेबासारखं दिसायचं, पण आपण साहेब आहोत असं वाटू द्यायचं नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आपण तर रोज याच्या बरोबर उलटं करतो. तो हसला नाही. टाय नको, कंपनीचा टी-शर्ट नको, लग्नातला कोट नको, असा नन्नाचा पाढा वाचून त्याने फोन ठेवला. काय हवं ते बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातली पोरं घोट्याच्या वर पँट घालून, मोजे न घालता कुठेतरी समुद्राकाठी चालत होती. मी चिखलात चालणारा माणूस. माझ्या कपाटात कपड्यांच्या दोनच जाती, एक लग्नकार्याची आणि दुसरी गोल गळ्याच्या टी-शर्टांची. यांच्या मधलं असं काही नव्हतंच. एकेकाळी होतं, पण ते मी हौसेने काढून टाकलं होतं. का काढलं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. त्याला मी दादा म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाने तो गेला. लग्न व्हायचं होतं, मुली पाहणं चालू होतं. वडील आम्ही शाळेत असतानाच गेलेले, त्यामुळे घरात आता आई आणि मी. दादा आणि मी एका मापाचे होतो. पाठमोरे उभे राहिलो तर शेजारचे हमखास चुकायचे. मिशीही सारखी, भांगही सारखा. आईने लहानपणापासून आम्हाला एकाच ताग्यातलं कापड घेतलं. त्यावरून आम्ही इतके भांडायचो की शेवटी तिने गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांना सांगून ठेवलं, मोठ्याच्या कॉलरला आतून एक ठिपका द्या, धाकट्याच्या कॉलरला दोन. काका अजूनही बिब्ब्याने खूण करतात. कापड विरतं, पण बिब्ब्याचा डाग जात नाही.

आईचे आवाजही दोन होते. दादाशी बोलायचा एक आणि माझ्याशी बोलायचा एक. दादाशी बोलताना ती अर्धं बोलायची, उरलेलं त्याला कळायचं. माझ्याशी पूर्ण बोलावं लागे, वर दोनदा सांगावं लागे. याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं असेल.

दादाला जाऊन महिना झाला होता तेव्हाची गोष्ट. मी त्याची मोटरसायकल घेऊन अड्याळला गेलो होतो, दिवेलागणीच्या आधी घरी आलो. आई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. गाडीचा आवाज ऐकून, मान वर न करताच ती म्हणाली, “आलास का रे?”

तो आवाज माझा नव्हता. ती उठली, दोन पावलं पुढे आली, आणि मग तिला मी दिसलो. परत खाली बसली आणि पाखडून झालेले तांदूळच पुन्हा पाखडू लागली. मी गाडीवरून उतरायचंही विसरलो. जिवंत असून आपणच घरात भूत होऊन शिरलो, असं मला वाटलं. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

त्यानंतर मी दादासारखं दिसणं बंद केलं. गाडी विकून स्कूटर घेतली. दहाव्याला उतरवलेले केस परत आले, पण मिशी मी येऊ दिली नाही. कॉलरचे शर्ट एकेक करून वाटून टाकले आणि गोल गळ्याचे टी-शर्ट आणले. शेतकरी हसायचे, म्हातारपणी शौक सुचला म्हणायचे. मी हसू द्यायचो. आईला पुन्हा तसा धक्का बसू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. तिच्यासाठी आपण केवढं करतो आहोत, याचा मला आतून अभिमानही होता.

पण एक शर्ट राहिला होता. मामाच्या मुलीच्या लग्नाआधी आम्हा दोघांना आहेर म्हणून कोशाचं रेशमी कापड मिळालं होतं, एकाच रंगाचं, पिकल्या धानासारखं. शिंप्याने एकाचंच माप घेऊन दोन शर्ट शिवले. दादाचा दहाव्याला नदीवर गेला. माझा कपाटाच्या वरच्या खणात जुन्या धोतरात गुंडाळून पडला होता. शुक्रवारी तो काढून जीन्सवर धरून पाहिला, आणि स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय ते व्हिडिओंपेक्षा लवकर समजलं.

अडचण एकच होती. त्या शर्टात मी आईपुढे जाऊ शकत नव्हतो. लग्नाच्या दिवशी त्या शर्टांत उभे असलेले आम्ही दोघे तिच्या डोळ्यांपुढून गेले नसणार. म्हणून मी ठरवलं, शर्ट गुपचूप इस्त्री करून आणायचा, पिशवीत घालून न्यायचा आणि भंडाऱ्याला सहकाऱ्याच्या खोलीवर बदलायचा. पस्तिशीचा माणूस आईपासून शर्ट लपवतो आहे, हे कोणाला कळलं असतं तर काय काय तर्क केले असते लोकांनी.

काकांनी शर्ट टेबलावर पसरला, पाण्याचा हात फिरवला आणि सवयीने कॉलर उलटली. मग त्यांनी उचललेली इस्त्री परत ठेवली.

“हा तं मोठ्याचा होये,” ते म्हणाले. “त्याचा तं नदीवर दिला होता नं?”

मी वाकून पाहिलं. कॉलरच्या आत, शिवणीजवळ, काळा एक ठिपका होता. बोटाने घासून पाहिला. दुसरा असेल, पुसला असेल, म्हणून शिवणीच्या पलीकडेही पाहिलं. एकच होता. काकांनी इस्त्री केली, पण हात इतका हळू चालवला की जणू आत कोणी आहे. घडी माझ्या हातात देताना ते नजर चुकवत होते.

गेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. दहाव्याला त्याचा आवडता जोड नदीवर देऊन टाकतात. दादाचं सगळं मीच केलं होतं. सकाळी आईने गाठोडं बांधून दिलं, ते मी वैनगंगेच्या घाटावर नेलं. पाण्यात उभा राहिलो, सांगितलं ते म्हटलं, आणि घाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला गाठोडं न सोडताच दिलं. म्हणजे मी माझाच शर्ट दिला होता. मेलेल्या भावाच्या नावाने, स्वतःच्या हाताने. आणि ज्याला निरोप दिला, त्याचा शर्ट दोन वर्षं माझ्या उशालगतच्या कपाटात होता. घाटावरून परतल्यापासून मला सारखं वाटायचं की आपलं काहीतरी तिथेच राहिलं आहे. दुःखाने असं होत असेल अशी मी समजूत घातली होती. आता त्याला एक कारण सापडलं होतं, आणि ते मला मुळीच नको होतं.

आईची चूक झाली असणार, असंच मी धरून चाललो. अशा दिवशी ठिपके कोण मोजत बसतं? तिला न सांगणंच बरं होतं. पण पिशवी तिने पाहिली. काय आहे म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं की दहाव्याला शर्टांची अदलाबदल झाली, तुझ्याकडून ठिपका चुकला.

आई भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली.

“चुकला नाही,” ती म्हणाली. “तुयाच देला मी. पाहून देला.”

मी विचारलं, “काहून वो माय?”

“तू हायेस. तुले नवा शिवता येते. त्याले आता कोन शिवन?”

मला राग आवरला नाही. जिवंत पोराचा कपडा मेलेल्याच्या नावाने पाण्याकाठी देताना तुझं मन कचरलं नाही का, असं मी बोललो. दादा असता आणि मी गेलो असतो, तर त्याचा शर्ट दिला असतास का, हेही बोललो. ते बोलायला नको होतं. दोन वर्षं नाही, तीस वर्षं ते माझ्या पोटात होतं.

आईने हातातलं वांगं खाली ठेवलं. मग तिच्या त्या दुसऱ्या, माझ्यासाठीच्या आवाजात तिने सगळं पूर्ण सांगितलं.

“मले वाटलं, त्याचा तू घालशील. तुया अंगावर दिसन मले, सणावाराले तरी. दोन वर्षं मी वाट पाहून राहिली. अन् तू मिशी काढली, गाडी इकली, हे गोल गळ्याचे घालून फिरून राहिला. मले वाटलं, तुले त्याची यादच नको. म्हनून मी बोलली नाही.”

मी तिथेच खाली बसलो. तिला दिसू नये म्हणून मी दोन वर्षं जे जे पुसत आलो, तेच पाहण्यासाठी ती दोन वर्षं दारात बसून होती. एका घरात, एका ताटवाटीत, आणि दोघांनी एकमेकांना एका शब्दानेही विचारलं नाही. पहिल्या महिन्यातल्या त्या संध्याकाळची मी तिला आठवण करून दिली. तुला किती लागलं असेल, म्हणून मी हे सगळं केलं, असं सांगितलं. तिला ती संध्याकाळ चांगली आठवत होती. घडीभर तो घरी आला होता, असं ती म्हणाली. त्यात लागण्यासारखं काय होतं, ते तिला कळेना.

रविवारी सकाळी मी शर्ट घरूनच घालून निघालो. आईने मागून कॉलर नीट केली आणि बोट तिथे जरा जास्त वेळ ठेवलं. बसमध्ये मानेपाशी तो ठिपका जाणवत होता. बिब्ब्याचा वाळलेला डाग जाणवत नसतो हे मलाही कळतं, पण जाणवत होता. हॉटेलात निम्मे लोक टाय लावून आले होते आणि निम्मे जणू सकाळी फिरायला निघालेले. ड्रेस कोड फक्त मला जमला, असं सहकारी म्हणाला, आणि शर्ट कुठून घेतला ते विचारलं. भावाचा आहे, मी म्हटलं. पाच मिनिटं बोललो. दादा बोलताना डाव्या हाताने बाही वर सारायचा, माझी ती सवय नव्हे. मध्येच पाहिलं तर माझी डावी बाही कोपरापर्यंत वर गेली होती. पुढचं काय बोललो ते मला आठवत नाही.

परतलो तेव्हा दिवे लागत होते. आई अंगणात बसली होती, हातात काही काम नव्हतं. फाटकाचा आवाज झाला आणि तिने मान वर न करता विचारलं, “आलास का रे?”

पुन्हा तोच आवाज, त्याचा. या वेळी मी थांबलो नाही.

“आलो,” म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

मी कपडे बदलले नाहीत. तसाच जेवायला बसलो. शर्टावर वरण सांडेल, आधी बदलून ये, असं तिने मला एरवी हमखास म्हटलं असतं. दादाला ती तसं कधी म्हणत नसे. ती काही बोलली नाही. भात वाढत राहिली, आणि मी नको म्हणालो नाही, कारण तोही म्हणत नसे. एवढं जेवण मी कधी जेवलो नव्हतो.

ताट उचलताना ती मात्र थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी माझ्याकडे.

“उद्या इस्त्रीले देशील तं त्याईले सांग,” ती माझ्यासाठीच्या आवाजात म्हणाली, “अजून एक ठिपका द्या म्हनून. आता तुयाच हाये तो.”

मी हो म्हणालो. त्याला आता चार महिने होत आले. आई अधूनमधून विचारते, मी काकांचं दुकान बंद होतं असं काहीतरी सांगतो. दुसरा ठिपका पडला की या घरात दादाचं म्हणून काही उरणार नाही, आणि आईने ते मान्य केलं आहे. मला जमत नाही. शर्ट वरच्या खणात धोतरात गुंडाळलेला आहे, आणि ठिपका एकच आहे.