व्हर्लिनचं चंदेरी गॅरेज

व्हर्लिन टोस्टेनरूडने जन्मभर एकच काम केलं. लोकांच्या घरातली भोकं बुजवली. मिनेसोटातला हिवाळा कुठल्या फटीतून आत शिरतो, हे त्याला भिंतीवरून नुसता हात फिरवून कळायचं. निवृत्त झाला आणि बुजवायला दुसऱ्यांची घरं उरली नाहीत, तेव्हा गेल्या ऑक्टोबरात तो स्वतःच्या गॅरेजच्या हात धुऊन मागे लागला.

चंदेरी वर्ख चिकटवलेले फोमचे जाड तक्ते त्याने चारही भिंतींना ठोकले, छताला ठोकले, दारालाही ठोकले. सांध्यांवर चंदेरी पट्टी. काम झाल्यावर आत उभं राहिलं की भट्टीत भाजायला ठेवलेल्या टर्कीला कसं वाटत असेल, याची नीट कल्पना यायची. पण बाहेर नाकातले केस गोठत असले तरी आत एका लहानशा हीटरवर माणूस शर्टावर बसू शकत होता, हेही खरं.

शेजारचा लायल बघायला आला. खिशात हात घालून त्याने छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं.

“वेगळंच आहे,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “हं. वेगळंच आहे हो.”

आमच्या इकडे तोंडावर कुणाला वाईट म्हणायची रीत नाही. पाद्रीबाईंनी केस जांभळे केले, कुणी हॉटडिशमध्ये, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्या-खिम्याच्या थरांत, मनुका घातल्या, की “वेगळंच आहे” म्हणायचं आणि कॉफी प्यायची. समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. व्हर्लिनने समजून घेतलं ते एवढंच, की जळतोय लेकाचा. लायलचं गॅरेज म्हणजे नुसत्या फळ्या, कोपऱ्यात लाकडाची शेगडी आणि आइस हॉकी बघायला एक म्हातारा टीव्ही. जळणारच.

नोव्हेंबरात त्या चंदेरी पेटीत एक विजेवर चालणारी गाडी येऊन उभी राहिली, आणि तिथून व्हर्लिनचे दिवस फिरले.

पहिला टोला मेव्हण्याने हाणला. आर्डिसचा, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोचा भाऊ डुएन. त्याच्याकडे भलीमोठी पिकअप आहे आणि तिच्याहून मोठं तोंड. चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी चालली होती, सगळं गाव बसलं होतं.

“काय रे व्हर्लिन, तुझं खेळणं डुलूथपर्यंत जाईल का? की अर्ध्या वाटेत आर्डिसला ढकलायला लावशील?”

डुलूथला जानेवारीत व्हर्लिनच्या नातीचा बाप्तिस्मा होता. पहिली नात. व्हर्लिनने कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “आम्ही आमच्या गाडीने जाणार.”

“जा की. नाहीच जमलं तर माझी मागची सीट आहे. बस्टर जरा सरकेल.”

बस्टर हा डुएनचा कुत्रा. तो सरकत नाही. तो लाळ गाळतो, आणि शेजारच्या माणसाच्या खांद्यावर मान टाकून घोरतो.

आता गंमत बघा. कडाक्याच्या थंडीत ही गाडी वाटेतल्या चार्जरवर रुसायची. बॅटरी गार, म्हणून वीज घेईना. कंपनीने त्यावर उपाय काढला होता, गाडीला नवी अक्कल, म्हणजे नवं सॉफ्टवेअर, द्यायची. पण ती अक्कल एवढी अवजड, की घरच्या वायफायवरूनच उतरवायची. गाडीतल्या पडद्यावर रोज सूचना यायची : घरच्या वायफायला जोडा. व्हर्लिन रोज जोडायचा. वायफायची एक रेघ दिसायची, थरथरायची, विझायची. मग पडदा म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा.

“तूच कर,” व्हर्लिन पडद्याला म्हणायचा.

राउटर आधी बैठकीत होता. तो स्वयंपाकघरात आला, मग पावाच्या डब्यावर, मग खिडकीत आर्डिसच्या जिरेनियमच्या कुंड्यांमध्ये. दुकानातून त्याने वायफाय पुढे ढकलणारी डबी आणली आणि गॅरेजमध्ये खोचली. डबीवरचा लाल दिवा लागला आणि लालच राहिला. वायफाय कंपनीला फोन केला, तर तिथल्या बाईने गोड आवाजात सांगितलं, राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

“ते मी थँक्सगिव्हिंगपासून करतोय, बाई.”

गाडी बाहेर काढून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली, तर वायफायच्या सगळ्या रेघा दिमाखात उभ्या. पण गाडी म्हणाली, बॅटरी फार गार आहे, उबदार जागी न्या. उबदार जागी नेली, की वायफाय नाही. शेवटी त्याने गॅरेजचं दार सताड उघडून बघितलं. अक्कल उतरायला लागली! जन्मभर ज्याने लोकांना दार लावा म्हणून सांगितलं, तो माणूस कानटोपी घालून, आपली विकतची ऊब रस्त्यावर जाताना बघत उभा होता. आठ टक्के, अकरा टक्के. आणि दार आपोआप खाली यायला लागलं.

“आर्डिस!”

स्वयंपाकघरातल्या बटणावर आर्डिसचं बोट होतं. “अरे, दार उघडं टाकून कुठे गेला होतास? थंडी बघितलीस का? बाकी कुणी केलं असतं तर तू आठवडाभर बोलत बसला असतास.”

“मी आत होतो!”

“मग फोन उचलायचास. सकाळपासून तीनदा केला. हल्ली तू गॅरेजमध्ये गेलास, की तुझा फोन लागतच नाही.”

व्हर्लिनने कानटोपी काढून झटकली. खरं तर गॅरेजचा त्याला आवडलेला तो एक गुण होता.

बुधवारी लायल कुंपणाशी आला. त्याला सगळं ठाऊक होतं. आमच्या गल्लीत कुणाचा राउटर कुठल्या खिडकीत आहे, हे बायकांच्या विणकामाच्या बैठकीत कळतं.

“आण की गाडी माझ्याकडे,” लायल म्हणाला. “शेगडी पेटलेलीच असते, वायफायही आहे.”

“छे छे, तुला कशाला त्रास,” व्हर्लिन म्हणाला.

“त्रास कसला? माझी पिकअप बाहेर काढतो.”

“नको रे, होईल काहीतरी.”

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. आमच्याकडे दोनदा नाही म्हणायचं असतं. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा अधाशी ठरतो. तिसऱ्यांदा विचारलं, की “बरं, तू एवढं म्हणतोयस तर” म्हणायचं. हे वाक्य व्हर्लिनच्या अगदी ओठांवर येऊन बसलं होतं. लायलने तोंड उघडलं, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. जेवायची हाक होती. लायल हात हलवून घरी गेला.

व्हर्लिन बर्फात उभाच.

“अरे, मग जाऊन सांग ना त्याला,” तो घरात आल्यावर आर्डिस म्हणाली.

“काय सांगू?”

“की हो म्हणून.”

“त्याने तिसऱ्यांदा विचारलं कुठे? स्वतःहून जाऊ? भिकाऱ्यासारखा?”

“मग डुएनला कळवते. बस्टरशेजारी मी बसणार नाही, आत्ताच सांगते.”

शनिवार उजाडला. बाप्तिस्मा रविवारी. सकाळी लायल बर्फाचं फावडं परत द्यायला गॅरेजमध्ये आला, तेव्हा व्हर्लिन ड्रायव्हरच्या सीटवर बसून पडद्याकडे बघत होता. पडदा म्हणत होता, पुन्हा प्रयत्न करा. आणि सत्तर वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. व्हर्लिनने सरळ विचारलं.

“लायल, का होतंय रे हे? काय चुकलं माझं?”

लायलचे कान लाल झाले. इतक्या उघड्या प्रश्नाची त्याला सवय नव्हती. त्याने बोटाने भिंतीवर टकटक केलं.

“वर्ख आहे हा. धातू. सगळीकडून गुंडाळलंयस. वायफाय येणार कुठून?”

“तुला माहीत होतं?”

“म्हणजे काय!”

“मग ऑक्टोबरात सांगायचं नाहीस?”

“सांगितलं की!” लायल खरोखरच दुखावला. “वेगळंच आहे म्हणालो होतो. आणि दोनदा म्हणालो होतो, व्हर्लिन. दोनदा!”

दोनदा म्हणजे आमच्याकडे आरडाओरडाच.

व्हर्लिन गाडीतून उतरला. फळीवरचा जुना सुरा त्याने घेतला, तक्ते कापायचा, हजार घरांत वापरलेला. स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवरून त्याने एकदा हात फिरवला. मग त्याने डोळे बारीक केले आणि भट्टीच्या दाराएवढा चौकोन कापून काढला. सरळ कापला, जन्माची सवय. तक्ता सुटून खाली पडला आणि आतल्या फळ्यांच्या फटीतून बारीक गार झोत थेट त्याच्या मानेवर आला. गाडीच्या पडद्यावर एक रेघ उठली. दुसरी उठली. तिसरी.

लायलने ते भोक बघितलं. व्हर्लिनचा चेहरा बघितला. मित्राची त्याला मनापासून दया आली.

“अरे, आण की गाडी माझ्याकडे,” तो म्हणाला.

तिसऱ्यांदा.

व्हर्लिनने पडद्याकडे पाहिलं. रेघा उभ्या होत्या, गाडी जिथल्या तिथे शहाणी होणार होती. पण तिसऱ्यांदाही नाही म्हणणं म्हणजे शेजाऱ्याचा उघड अपमान, आणि ओठांवरचं वाक्य तर बुधवारपासून ताटकळलेलं. ते आपोआप बाहेर पडलं.

“बरं, तू एवढं म्हणतोयस तर.”

गाडी लायलच्या शेगडीपाशी शहाणी झाली. रविवारी व्हर्लिन आणि आर्डिस आपल्या गाडीने डुलूथला गेले, वाटेतल्या चार्जरने कुरकुर केली नाही, आणि डुएन चर्चच्या दारात उशिरा पोचला, खांद्यावर लाळ घेऊन. हे सगळं छान झालं.

पण सोमवारी व्हर्लिन गॅरेजमध्ये स्टूल घेऊन निवांत बसला. भोकाला त्याने जुनी घोंगडी लावली होती. वर्खाचा तुकडा पुन्हा ठोकला तर वायफाय जातं. तरी वारा येतच होता. कॉफीचा पहिला घोट घेतोय, तोच खिशातला फोन खणखणला.

“लागला की रे!” आर्डिस खूश होऊन ओरडली. “ऐक, तळघरातून बटाटे आण, आणि डुएन येतोय जेवायला. तुझं गॅरेज बघायचं म्हणतोय. मी सांगितलं त्याला, वेगळंच झालंय.”