आईच्या इंटरनेटचा कडक बंदोबस्त

गेल्या गणपतीत मी आईच्या इंटरनेटला कुलूप लावलं. आईने तसं काही सांगितलेलं नव्हतं.

आई गुहागरला एकटी असते, मी ठाण्याला. कुठेसं वाचलं, की आपण कुठलीही साइट उघडली की फोन आधी तिचा पत्ता विचारतो आणि ही विचारपूस उघड्यावर चालते, वाटेत कुणालाही वाचता येते. ती झाकून नेण्याची सोय असते. झालं! आईचा फोन, टॅब, टीव्ही, शेवटी राउटरसुद्धा मी बंदोबस्तात घेतला. संशयास्पद पत्ते अडवणारी यादीही होती: साधी, मध्यम आणि कडक. (आईसाठी साधी निवडणारा मुलगा मी नव्हे.)

"आता तू काय बघतेस ते कुणाला कळणार नाही," मी म्हटलं.

सुपारी सोलता सोलता आई म्हणाली, "मी भाजी कसली केली ते फोडणी पडताच शेजारच्या सुमनला कळतं. तिचं काय करतोस?"

ठाण्याला परतलो. सकाळी आठला चहा घेऊन फोनवर आईच्या पडवीतला कॅमेरा उघडला, तर पडदा काळा! हा कॅमेरा माकडांवर लक्ष ठेवायला आहे, असं मी आईला सांगितलं होतं. खरं म्हणजे मला रोज तिला बघायचं असे. ती सुपारी सोलत बसलेली दिसली की दिवस बरा जाई. माझ्या कडक यादीने नेमका कॅमेऱ्याच्या कंपनीचाच पत्ता अडवला होता. आता हे आईला सांगायचं कुठल्या तोंडाने?

रोज फोन करू लागलो.

"माकडं येतायत का गं?"

"येतायत."

"किती?"

"हजेरी नाही घेत मी."

नवव्या दिवशी धीर सुटला. "आई, कॅमेरा बंद पडलाय. तू दिसत नाहीस. करमत नाही मला."

आई म्हणाली, "माहित्ये. तू बघायला लागलास की त्याचा निळा दिवा लागतो. रोज आठला. माकडं काय घड्याळ लावून येतात? म्हणून तर सुपारी घेऊन त्याच्यासमोर बसत्ये. नाहीतर मागल्या दारी वारा किती छान असतो."

"आणि आता?"

"आता दिवा लागत नाही. तरी बसत्ये. न जाणो, लागला तर."

मी म्हटलं, "थांब, फोनवर सांगतो तसं कर. राउटरचं पान उघड."

"मला नाही हो जमायचं ते," आई म्हणाली. (गॅसचं बुकिंग मोबाइलवर कसं करायचं, हे मला याच बाईने शिकवलं.) "तू येऊन काढ."

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. एवढ्या मोठ्या जगात माझ्या आईवर पाळत ठेवणारा एकच इसम निघाला, आणि त्याला मी स्वतः, अगदी चोख, बाहेर ठेवलं होतं.