दोन सांगाडे आणि एक मेमो

चनबसप्पाचा हात चुकला, असं सोलापुरात कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. पंधरा वर्षं त्यानं हातमागांसाठी लाकडी कांड्या कातून दिल्या होत्या. मग कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात तो शिपाई म्हणून लागला, आणि चहा आणण्याइतकंच रेणूंचे लाकडी सांगाडे करणं त्याच्या गळ्यात पडलं.

१९७४ साली विभागप्रमुख बिराजदार सरांनी लिंबोळीतून एक द्रव्य काढलं. त्याच्या स्फटिकाची मोजमापं दोन ठिकाणी गेली. पुण्याच्या कॉम्प्युटरवर एका प्रोग्रामनं गणित केलं, मुंबईच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यानं. प्रत्येक अणू फळीवर कुठं आणि किती उंचीवर, त्याचे आकडे घेऊन दोन कागद आले. दोन्हींचा आकार एकच निघाला, की सरांचा निबंध छापायला मोकळा.

चनबसप्पानं दोन फळ्यांत भोकं पाडली, सायकलच्या तारा उभ्या केल्या, त्यांवर अणूंच्या लाकडी गोळ्या बसवल्या, गोळ्या एकमेकींना जोडून सांगाडे फळीवरून सोडवले. महिना गेला. आणि ते दोन सांगाडे काही केल्या जुळेनात. फिरवा, उलटे करा, एक फांदी नेमकी भलत्याच अंगाला जायची.

सरांनी दोन्ही कागदांवरून अणूंमधली अंतरं काढली. सारखी निघाली.

"कागद जुळतात, तुझे सांगाडे जुळत नाहीत. भोकं तू चुकवलीस!"

दुसऱ्या दिवशी मेमो. 'कामात हलगर्जीपणा.' चनबसप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा वर्षांच्या हाताला या माणसानं एका ओळीत काळं फासलं होतं! तो तरातरा प्रयोगशाळेबाहेर आला, वहाणा घालायला वाकला, आणि तसाच थांबला. मग दोन्ही वहाणा हातात घेऊन सरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"सर, ह्या दोनींचं माप एकच हाय की. म्हणून डावी उजव्या पायात बसती व्हय?"

सर काही बोलायच्या आत त्यानं बेसिनवरचा आरसा काढून पुण्याच्या सांगाड्यापुढं धरला. आरशात मुंबईचा सांगाडा उभा होता, गोळी न् गोळी.

पत्रं गेली, उत्तरं आली. एक प्रोग्राम उंची खालून वर मोजत होता, दुसरा वरून खाली. हे आधी विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"मला शंका होतीच," सर म्हणाले.

"मग मेमो फाडा की."

"फाईलला लागलेला कागद काढता येत नाही, चनबसप्पा."

पुढच्या महिन्यात पाहुण्या प्राध्यापकांपुढं सरांचं भाषण झालं. 'एके दिवशी माझ्या मनात आलं, आरसा धरून पाहावा,' असं सर रंगून सांगत होते. आरसा धरायला चनबसप्पाच उभा होता. टाळ्या पडल्या तसा त्यानं आरसा सांगाड्यावरून हलवला आणि सरांच्या तोंडासमोर नेला.

"सर, आता ह्यात बगून सांगा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हात कुणाचा चुकला?"