कानाशी धरलेलं घड्याळ

आज कोथरूडच्या घरी कपाट उघडलं आणि घड्याळाच्या तेलाचा वास आला. ह्यांना स्टॉपवॉच असलेली, सोन्याची जुनी खिशातली घड्याळं जमवायचा नाद होता. शेवटच्या आजारात ह्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, पण ते त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. दवाखान्यात त्यांनी सगळ्यात आवडतं घड्याळ मागवलं आणि कानाशी धरलं.

“बंद पडलंय का गं?”

मला टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती.

“हो,” मी जवळ जाऊन म्हणाले. “घरी आलात की दुरुस्त करा.”

“करतो,” म्हणत त्यांनी घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

ते घरी आलेच नाहीत. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना कळलं नाही, याचंच तेव्हा समाधान वाटलं होतं. आज तेच घड्याळ चावी देऊन मुठीत धरलं, तर प्रत्येक ठोका तळव्याला जाणवला. म्हणजे त्यांना कळलं होतं, तरी ते मला ‘करतो’ म्हणाले.